हात न पोचणारी जागा

कूलर माळ्यावरून काढायला
यंदा मी होळीची वाट पाहिली नाही.
मानवतच्या उन्हाला पंचांग कळत नाही
आणि हे जिनिंगच्या काट्यावर, रात्री येणार.

मागच्या जाळीतलं गवत उपसलं
तर आत गांधीलमाश्यांचं पोळं,
राखी, कागदी,
आठ-दहा खोल्यांचं, बिनभाड्याचं.

एकच चावली.
दोन खांद्यांच्या बरोबर मधी,
पोलक्याच्या काठाच्या जरा आत,
जिथं डावा हात वरून पोचत नाही
आणि उजवा खालून.

आधी आग झाली, मग ठणका.
दुपार कलली तशी खाज सुटली,
आणि खाज म्हणजे काय सांगू,
ठणक्याला निदान अब्रू असते.
उलथण्यानं खाजवून पाहिलं, फणीनं पाहिलं,
शेवटी दाराची कडी लावून
म्हशीसारखी चौकटीला पाठ घासली.
आरशाकडं पाठ करून मान वळवली
तर दिसला फक्त माझाच कान.

भिंतीपलीकडं प्रयागबाई मिरच्या खुडत होत्या.
माझी मोठी जाऊ.
पावणेदोन वर्षं बोललो नव्हतो आम्ही,
पोरांच्या तोंडून निरोप जायचे.
बोअरच्या मोटारीचं बिल, असं गल्लीला माहीत.
खरं कारण तिला माहीत, मला माहीत,
इथंही सांगत नाही.

तिच्या उंबऱ्यात जाऊन उभी राहिले
आणि पाठ केली.
तशी पाठ फिरवायला आम्ही दोघीही तरबेज,
पण आज पदर बाजूला होता.

"जीभ काढ," ती म्हणाली.
पावणेदोन वर्षांनंतर, जीभ काढ.
"व्हट सुजले का? दम लागतोय?
नाही ना? मंग दवाखान्याचं काम नाही.
बस. हात तिखटाचे हायेत माझे."

मग तिनं हात धुतले.
साबणानं, मग तेल-बेसनानं, मग ताकानं,
वास घेतला, पुन्हा धुतले,
बोट जिभेच्या टोकाला लावून पाहिलं
आणि तोंड वाकडं करून परत मोरीत गेली.
तेवढा वेळ मी पाटावर,
मिरच्यांच्या ढिगासमोर शिंकत.

"काटा नाही आत. मधमाशी ठेवून जाती, ही नाही ठेवत."
साबणाच्या पाण्यानं पुसलं,
रांजणातल्या पाण्यात पंचा पिळून
घडी करून दाबून धरला.
सासूबाई असत्या तर
कुलपाची लोखंडी किल्ली रगडली असती.
"जंग लावायचा का पाठीला?" ती म्हणाली,
आणि दोघी हसलो असतो,
पण हसण्याइतकं अजून झालं नव्हतं.

खायच्या सोड्याचा डबा उघडताना कुरकुरला.
चिमूटभर, दोन थेंब पाणी, करंगळीनं कालवून
तिनं लावलं, इतकं हळू
की मला वाटलं अजून लावलंच नाही.

मग बोट तिथून खाली सरकलं, थांबलं.
"घामोळ्या बी लई आल्यात की गं.
पावडर कोण लावतं तुला?"

कूलरशिवायचा पंखा वर टकटक करत होता.

"कोण लावणार," मी म्हणाले.

ती काही बोलली नाही.
पंचा पुन्हा गार करून आणला.
"नखं लावू नको. खाजवलं की वाढतं."
तिनं पदर सारखा केला माझा,
उलटा पडला होता तोही नीट केला,
आणि जाऊन बसली ढिगापाशी.

"पोळ्याला आता हात लावू नको.
अंधार पडल्यावर काढू."

घरी जायला हवं होतं. कणीक मळायची होती.
पण मी एक मिरची उचलली, देठ खुडला.
मग दुसरी.

घटकाभरानं खाज पुन्हा वळवळली,
हात सवयीनं मागं गेला
आणि अर्ध्यात थांबला.
माझीही बोटं आता तिखटाची झाली होती.